बो-टायवाल्याविना केल्व्होराचा भाव

एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी चर्चच्या तळघरात टॉर्गरसन मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, "मला दोन महिने द्या. मी सिद्ध करून दाखवतो." हे वाक्य ते बोलले नसते तर त्यांची एक दाढ, गावातली अब्रू आणि बायकोचा पोर्च या तिन्ही गोष्टी शाबूत राहिल्या असत्या. पण मास्तरांनी एकतीस वर्षं मिनेसोटातल्या नॉर्डबी गावच्या हायस्कुलात भूमिती शिकवली होती. भूमितीच्या माणसाला 'सिद्ध करतो' म्हणण्याची खोड असते आणि ती निवृत्त झाल्यावर जास्तच वाढते.

प्रसंग नॉर्डबी गुंतवणूक मंडळाच्या बैठकीचा होता. हे मंडळ बावीस वर्षांचं. दहा सभासद, दरमहा माणशी पंचवीस डॉलर, आणि मोठ्या किटलीतली कॉफी, जिच्यातून कपाचा तळ दिसतो. मंडळाचा सगळा कारभार ठरावाने चाले. एकाने ठराव मांडायचा, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, मग हात वर. तळघरातला हीटर लावायचा असला तरी सूचक आणि अनुमोदक लागत, आणि त्यांची नावं इतिवृत्तात जात. अध्यक्ष मर्नाबाई हॅगन या पोस्टात तीस वर्षं काढलेल्या असल्यामुळे त्यांच्याकडून शिक्का मारल्याशिवाय काही सुटत नसे.

मंडळाची सगळी पुंजी एकाच कंपनीत होती, केल्व्होरा. ती आणली डेलबर्ट कूसिस्टोने. डेलबर्ट म्हणजे पूर्वी हार्डवेअरचं दुकान चालवणारा, मास्तरांचा कुंपणापलीकडचा शेजारी. टीव्हीवर पिवळा बो-टाय बांधलेला एक तज्ज्ञ रोज संध्याकाळी टेबलावर मुठी आपटून अमुक घ्या, तमुक फुंका असं ओरडायचा. तो एकदा "केल्व्होरा! केल्व्होरा!" असं दोनदा ओरडला. एकदा ओरडला असता तर डेलबर्टने विचार केला असता, दोनदा ओरडल्यावर त्याने ठराव मांडला. मंडळाने बारा डॉलरला शेअर घेतले आणि पुढच्या तीन वर्षांत तो बारावरून एक्क्याण्णववर गेला. त्या काळात डेलबर्ट तळघरात शिरला की लोक त्याच्यासाठी खुर्ची पुढे सरकवत.

पण गेले दोन महिने बो-टायवाल्याने केल्व्होराचं नावही घेतलं नव्हतं. शेअर एक्क्याण्णववर तसाच उभा होता आणि मंडळ धास्तावलं होतं.

"त्याला बरं नसेल," डेलबर्ट म्हणाला. "परवा जरा ओढलेला दिसला मला."

"अहो, पण भाव तर पडला नाहीये," कुणीतरी म्हणालं.

"पडला नाहीये म्हणूनच भीती वाटते," मर्नाबाई म्हणाल्या. "तो काही बोलत नाही तर उभा कशावर आहे हा?"

इथे मास्तरांना राहवलं नाही. बो-टायचा टेकू काढल्यावर जी किंमत उभी राहात नाही ती किंमतच नव्हे, असं ते म्हणाले. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज कुठला तज्ज्ञ टीव्हीवर ओरडला म्हणून एकशे ऐंशी होत नाही. एकाही नावाजलेल्या माणसाचा शब्द न ऐकता, न वाचता, केवळ वस्तुस्थितीवरून केल्व्होराचा खरा भाव काढता आला पाहिजे. मग ते उभे राहिले आणि वर दिलेलं ते वाक्य बोलले. ठराव झाला, अनुमोदन मिळालं, दहा हात वर गेले. मास्तर घरी आले ते शीळ घालत.

ही बातमी त्यांच्या बायकोने, आर्डिसबाईंनी, बटाटे सोलता सोलता ऐकली. मास्तरांच्या सभासदत्वावर दोघांच्या वाट्याला दोनशे शेअर येत होते. एक्क्याण्णवच्या भावाने अठरा हजार डॉलर. आणि मागच्या अंगणात डासांच्या जाळीचा पोर्च बांधायचा अंदाज एका कंत्राटदाराने दिला होता, सतरा हजार चारशे. तो कागद आर्डिसबाईंनी फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवला होता. मिनेसोटात उन्हाळा अडीच महिन्यांचा, आणि तो माणसांपेक्षा डासांचा जास्त. चाळीस वर्षं आर्डिसबाई उन्हाळ्याच्या संध्याकाळी खिडकीच्या काचेतून तळं बघत होत्या. त्यांना ते बाहेर बसून बघायचं होतं, एवढीच त्यांची आयुष्यातली मागणी उरली होती.

"मी काय म्हणते हार्लन," त्या म्हणाल्या, "भाव चांगला आलाय. आपला वाटा आत्ताच काढून घेतला तर?"

"अगं, खरा भाव कळल्याशिवाय? उद्या खरा भाव दीडशे निघाला तर?"

"मग दीडशेवाले आपल्या पोर्चमध्ये येऊन बसतील."

"आणि मंडळातून वाटा काढून कोणी गेलंय का आजपर्यंत?" मास्तर म्हणाले. हे मात्र खरं होतं. बावीस वर्षांत मंडळातून फक्त चारजण गेले होते आणि चौघेही चर्चच्या मागच्या स्मशानात. आपण होऊन वाटा मागणं म्हणजे भर पंगतीत पान उलटं करून उठण्यासारखं झालं असतं. आर्डिसबाईंनी बटाटा जरा जास्तच सोलला.

मास्तरांनी पहिला नियम केला की तज्ज्ञांचा शब्द कानावर येता कामा नये. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी ते केस कापायला गेले. न्हाव्याच्या दुकानात टीव्ही चालूच असतो. अर्धं डोकं झालं होतं आणि पडद्यावर पिवळा बो-टाय उगवला. मास्तर ताडकन उठले, गळ्यातल्या फडक्यासकट बाहेर आले आणि फुटपाथवर उभे राहिले. न्हावी कात्री घेऊन मागे आला. "मास्तर, काय चावलं का?" त्यांनी उरलेलं डोकं फुटपाथवरच करा म्हणून सांगितलं. न्हाव्याने परवाना आतल्या खुर्चीपुरताच असल्याचं दाखवून दिलं. नगरपालिकेचा तसा नियमच आहे. मास्तर तत्त्वाचे पक्के. ते अर्ध्या डोक्यानिशी घरी आले आणि शनिवारपर्यंत टोपी घालून हिंडले. रविवारी चर्चमध्ये टोपी काढावी लागते हे त्यांच्या लक्षात शनिवारी दुकान बंद झाल्यावर आलं.

वर्तमानपत्राचा प्रश्न याहून बिकट होता. त्याच सुमारास आर्डिसबाईंच्या बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि त्या आठवडाभर फार्गोला गेल्या. मास्तरांनी उपाय काढला. सकाळी डोळे अर्धवट मिटून आर्थिक पान उघडायचं आणि तज्ज्ञाचा फोटो दिसला की तेवढा चौकोन कात्रीने कापून, न वाचता, केराच्या टोपलीत टाकायचा. पद्धत उत्तम चालली. फक्त त्या पानाच्या मागच्या बाजूला निधनवार्ता छापतात, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

पुढच्या आठवड्यात किराण्याच्या दुकानात त्यांना त्यांच्या जुन्या हेडमास्तरांच्या पत्नी भेटल्या. मास्तरांनी टोपीला हात लावून विचारलं, "काय म्हणतायत आमचे हेडमास्तर? हल्ली दिसत नाहीत कुठे!"

बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. हेडमास्तरांना जाऊन सहा दिवस झाले होते. अंत्यविधीला सगळं गाव होतं, जेवणाला ओव्हनमध्ये भाजलेल्या सात प्रकारच्या हॉटडिश होत्या, आणि मास्तर का आले नाहीत यावर तळघरात दबक्या आवाजात बरीच चर्चा झाली होती. नॉर्डबीत माणूस कर्ज बुडवू शकतो, निवडणूक हरू शकतो, पण अंत्यविधी चुकवू शकत नाही. मास्तरांनी तिथल्या तिथे शोक व्यक्त केला, घरी येऊन चिठ्ठी लिहिली, केक नेऊन दिला. बाईंनी केक घेतला आणि "एवढं कशाला" म्हणाल्या. आमच्याकडे "एवढं कशाला" तीनदा म्हणतात आणि मगच घेतात. त्या एकदाच म्हणाल्या.

तरीही संशोधन थांबलं नाही. आता मास्तर वस्तुस्थितीकडे वळले. केल्व्होरा नेमकं करते काय, हे बावीस वर्षांच्या मंडळात कुणालाच ठाऊक नव्हतं. मास्तरांनी कंपनीला फोन लावला. उचलला बेकीने. बेकी हेच कंपनीचं उत्पादन होतं, म्हणजे माणसासारखं बोलणारं यंत्र. दातांच्या दवाखान्यांत ते फोन घेतं, वेळ देतं आणि पेशंटला आठवण करतं.

"नमस्कार, मी बेकी! दुखणं एक ते दहापैकी किती आहे?"

"मला दुखत नाहीये. मला भागधारकांच्या विभागात कुणाशी तरी बोलायचंय."

"वा, छान! न दुखणाऱ्यांसाठी पुढच्या मार्चमध्ये जागा आहे."

मास्तरांनी पाच वेळा फोन केला. पाचव्या वेळी चिडून दुखणं दहा सांगितलं, तर बेकीने त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी आठची वेळ दिली, गावातल्याच दातांच्या डॉक्टरांकडे. मास्तरांना वाटलं, आयती संधी आली. यंत्र प्रत्यक्ष काम करताना बघायला मिळेल.

दवाखान्यात काउंटरमागे लव्हॉन बसली होती. ती पंचवीस वर्षं तिथेच बसते.

"अरेच्चा, तू अजून आहेस?" मास्तर म्हणाले. "बेकी आली ना?"

"आली ना! आणि माझं काम दुप्पट झालं," लव्हॉन म्हणाली. "ती सकाळी सातला सगळ्यांना फोन करते. मग सगळे घाबरून मला फोन करतात की ही कोण बाई सातला फोन करते? मग मी प्रत्येकाला सांगते की वेळ खरी आहे, या."

"आणि तिच्या फोनमुळे किती येतात?"

"ते कोण मोजतंय?"

'कोण मोजतंय' हे शब्द भूमितीच्या मास्तरांसमोर उच्चारायचे नसतात. त्यांनी खिशातून वही काढली. पण तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं गेलं. दुखणं दहा म्हणून नोंद होती, डॉक्टर प्रामाणिक होते, त्यांनी दुखणं शोधून काढलं. खालची डावी दाढ आतून पोखरलेली निघाली. तिच्यावर कॅप बसवावी लागली. विमा कंपनीने पैसे नाकारले, कारण पेशंटने फोनवर आधी चार वेळा दुखणं शून्य सांगितलं होतं आणि बेकीच्या दप्तरी तशी नोंद होती. चौदाशे डॉलर मास्तरांच्या खिशातून गेले. घरी आल्यावर ओठ बधिर, त्यामुळे फार्गोहून परतलेल्या आर्डिसबाईंना ते काय सांगत होते ते कळलं नाही. त्यांना एवढंच कळलं की पोर्चचा एक खांब दातात गेला.

डेलबर्ट कुंपणावरून सल्ला द्यायला हजर होताच. "अरे, कशाला एवढा जीव काढतोस? बो-टायवाला बोलेपर्यंत थांब की. त्याच्याकडे पन्नास माणसं आहेत मोजायला."

"माझ्याकडे वही आहे," मास्तर म्हणाले.

ती वही घेऊन ते रोज सकाळी परगण्यातल्या एकेका दातांच्या दवाखान्यासमोर गाडी लावून बसू लागले. किती पेशंट येतात, किती वेळेवर येतात, जिथे बेकी आहे तिथे किती आणि जिथे नाही तिथे किती. काळा चष्मा, थर्मास आणि दुर्बीण. दुर्बीण होती पक्षी बघायची. नवव्या दिवशी शेरीफच्या खात्याची गाडी मागे येऊन उभी राहिली.

"सर, काच खाली घ्या," बाहेरून आवाज आला. मग, "अरे, टॉर्गरसन सर! तुम्ही?"

हा कर्ट ब्योर्नस्टाड, मास्तरांचा जुना विद्यार्थी. भूमितीत दोनदा नापास झालेला, आता कमरेला पिस्तूल.

"तक्रार आलीये सर. एक म्हातारा रोज दुर्बिणीतून दवाखान्यात येणाऱ्या बायका बघतो म्हणून."

"पुरुषही मोजतो मी," मास्तर म्हणाले आणि वही पुढे केली.

कर्टने वही उलटसुलट पाहिली. त्याला नेहमीप्रमाणे काही कळलं नाही. त्याने गाडीच्या टपावर कोपर टेकलं आणि आवाज उतरवला. "सर, खरं सांगा. एवढं जिवावर उदार होऊन बसलाय म्हणजे काहीतरी मोठं असणार. घेऊ का मी थोडे केल्व्होरा?"

"अरे, माझा हिशेब अजून झालेला नाही."

"कळलं सर. नका सांगू," कर्ट डोळा मिचकावून म्हणाला आणि त्याच दिवशी त्याने घेतले. त्याने त्याच्या मेव्हण्याला सांगितलं. मेव्हण्याने न्हाव्याला सांगितलं. बो-टायवाल्याचा शब्द गावात शिरू नये म्हणून मास्तर झटत होते आणि मास्तरांचा शब्द, जो त्यांनी दिलाच नव्हता, गावभर फिरत होता.

जूनच्या पहिल्या मंगळवारी अहवाल तयार झाला. एकोणतीस पानं, सात आकृत्या, सगळं हाताने काढलेलं. मास्तर तळघरात उभे राहिले तेव्हा त्यांचा आवाज वर्गात पहिल्या तासाला लागायचा तसा लागला होता. त्यांनी गृहीतकं मांडली. जिथे बेकी आहे तिथे वेळेवर येणारे पेशंट शंभरात एकसष्ट. जिथे नाही तिथे बासष्ट. बेकी आल्यावर एकाही लव्हॉनची नोकरी गेली नाही, उलट दोघींना जास्तीचे तास द्यावे लागले. दवाखाने करार संपला की यंत्र परत करतात. मग कंपनीची विक्री, खर्च, पुढची दहा वर्षं, सगळं एकेक पायरीने. शेवटच्या पानावर त्यांनी दोन रेघा ओढल्या होत्या आणि खाली आकडा लिहिला होता.

"सत्तावीस डॉलर," मास्तर म्हणाले. "कुणाच्याही शब्दाविना. हेच सिद्ध करायचं होतं."

आमच्याकडे अशा वेळी जे बोलतात तेच सगळे बोलले.

"खूप कष्ट घेतलेत."

"आकृत्या किती स्वच्छ आहेत!"

"वेगळाच विचार आहे."

आणि कुणीतरी, अगदी हळू, विचारलं, "असं टीव्हीवर कुणी म्हटलंय का पण?"

मास्तरांनी उत्तर देण्याआधी डेलबर्ट उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता. केल्व्होरा त्याने आणली होती. इतकी वर्षं खुर्ची पुढे सरकवली जात होती ती त्याच्यासाठी. "माझा ठराव आहे," तो म्हणाला, "की मंडळाने हार्लनचे मनापासून आभार मानावेत आणि शेअर आहेत तसेच ठेवावेत."

"ठराव मांडला गेला आहे," मर्नाबाई म्हणाल्या. "अनुमोदन?"

एकाने कपातली कॉफी ढवळली, तिच्यात साखर नव्हती. बावीस वर्षांत कुठला ठराव अनुमोदनावाचून मेला नव्हता. शेजाऱ्याने मांडलेला ठराव, सगळ्यांदेखत, असा उघड्यावर मरू द्यायचा हे नॉर्डबीत कुणी पाहिलेलं नव्हतं.

"अनुमोदन आहे का?" मर्नाबाईंनी पुन्हा विचारलं. डेलबर्ट खाली बघत होता. तो हातातल्या कागदी रुमालाच्या घड्यांवर घड्या घालत होता. मास्तरांनी ते पाहिलं. ज्याने दर हिवाळ्यात न सांगता आपल्या दारातला बर्फ काढला, तो माणूस सगळ्यांसमोर एकटा पडलेला त्यांना बघवेना. त्यांचा हात वर गेला.

"अनुमोदन," टॉर्गरसन मास्तर म्हणाले.

मग दहाच्या दहा हात वर गेले. मर्नाबाईंनी इतिवृत्तात लिहिलं, सूचक डेलबर्ट कूसिस्टो, अनुमोदक हार्लन टॉर्गरसन. मग सगळ्यांनी कॉफी घेतली आणि वेळ छान गेला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बो-टायवाल्याने तोंड उघडलं. नियम संपला होता म्हणून मास्तर टीव्हीसमोर होते. त्याने टेबलावर मुठी आपटल्या आणि ओरडला, "केल्व्होरा? फुंका! तीस डॉलरच्या वर एक पैसा देऊ नका!"

मास्तर खुर्चीतून उडालेच. "आर्डिस! ऐकलंस का? तीस म्हणतोय! मी सत्तावीस म्हणत होतो! अगं, त्याच्याकडे पन्नास माणसं आहेत आणि तीन डॉलरचाच फरक!" त्यांना स्वतःच्या गणिताची इतकी खात्री या क्षणापर्यंत कधी वाटली नव्हती. त्यांनी भराभरा फोन लावले. न्हाव्याला सांगितलं, लव्हॉनला सांगितलं, लागलीच हेडमास्तरांच्या पत्नीलाही सांगितलं. "खुद्द तो म्हणतोय!" दोन दिवसांत शेअर एकोणतीसवर आला आणि मास्तरांचा आनंद काही केल्या ओसरेना.

तो ओसरवला मर्नाबाईंनी. मास्तरांनी फोन केला तेव्हा त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं.

"हार्लन, तुझं बरोबर आहे हे आम्हाला जूनमध्येच पटलं होतं रे," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना. घरी जाताना गाडीत आम्ही बोललोसुद्धा. मी तर विकायला हात वर करणार होते."

"मग केला का नाहीस?"

"तू अनुमोदन दिलंस ना! आम्हाला वाटलं, एवढा दोन महिने खपलेला माणूस, दात गेला, पोलीस आले, तोच ठेवा म्हणतोय, म्हणजे त्याला काहीतरी दिसलं असणार. तुझ्याकडे बघून वर केले सगळ्यांनी हात."

मास्तर फोन हातात धरून उभे राहिले. बो-टायचा टेकू काढल्यावर एक्क्याण्णव डॉलर नॉर्डबीत महिनाभर कुणाच्या नावावर उभे होते, ते त्यांना आता कळलं. इतिवृत्तात ते नाव शिक्क्यानिशी होतं. त्यांना अतिशय लाज वाटली.

आर्डिसबाई मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या. ऊन कलत होतं. त्यांनी लांब बाह्यांचा स्वेटर घातला होता, डोक्याला रुमाल बांधला होता आणि हाताने डास वारत होत्या. मास्तरांनी सगळं सांगितलं, काही वगळलं नाही.

"पण तू अनुमोदन दिलंसच का?" आर्डिसबाईंनी विचारलं.

"डेलबर्ट एकटा पडला होता गं."

"आणि मी?"

एक्केचाळीस वर्षांत आर्डिसबाईंनी त्यांच्याकडे फक्त एक गोष्ट मागितली होती, आणि ती त्यांनी शेजारी कागदी रुमालाच्या घड्या घालत होता म्हणून देऊन टाकली होती. ते घरात गेले. आयुष्यात पहिल्यांदा उद्धटपणा करायचा म्हणून ते आधी पाणी प्याले. मग मर्नाबाईंना पुन्हा फोन केला.

"मला आमचा वाटा काढून घ्यायचाय," ते म्हणाले. "ठराव कसा मांडायचा असतो त्याचा?"

कागद चाळल्याचा आवाज आला. "कलम सात," मर्नाबाई वाचू लागल्या. "सभासदाला आपला वाटा केव्हाही काढता येईल. त्यास ठरावाची अथवा अनुमोदनाची आवश्यकता नाही." मग त्याच म्हणाल्या, "अगं बाई! हे आहे होय आपल्यात?"

आलेल्या पैशांतून दाढेचे गेले. कंत्राटदार उरलेल्या रकमेकडे पाहून हसला नाही, पण तेवढ्यात फक्त जाळीच बसेल म्हणाला. खांब मास्तरांनी स्वतः पुरले, काटकोनात, गुण्या लावून. छपराला पैसे उरले नाहीत. ऑगस्टच्या एका संध्याकाळी आर्डिसबाई चारी बाजूंनी जाळी आणि वर मोकळं आकाश अशा पोर्चमध्ये जाऊन बसल्या आणि तळ्याकडे बघू लागल्या. मास्तर शेजारी बसले, जरा अंतर ठेवून.

कुंपणावर डेलबर्ट आला. शेअर पडल्यापासून तो फारसा दिसत नव्हता. त्याने हातात बशी आणली होती, वर झाकण. "एवढं कशाला," आर्डिसबाई म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या, आणि तिसऱ्यांदा म्हणून घेतली.

डेलबर्टने पोर्चकडे खालून वर पाहिलं आणि घसा खाकरला. "हार्लन, रागावू नकोस. पण डास वरून येतील रे."

"कोण म्हणतं?" मास्तर फणकारले.

डेलबर्टने आपल्या मानेवर फाडकन चापट मारली आणि तळवा उघडून दाखवला. आर्डिसबाईंना हसू आलं. त्या एप्रिलनंतर पहिल्यांदाच इतक्या मोठ्याने हसल्या, आणि हसता हसता त्यांनी आपल्या डोक्यावरचा रुमाल सोडून मास्तरांच्या डोक्याला बांधला.